चार बोटं माती

कस्तुराबाईंना विचारल्याशिवाय राहवत नसे. चारठाण्याच्या फाट्यावर एसटीतून कुणी अनोळखी माणूस उतरला, की त्याचं गाव, त्याची सोयरीक आणि त्याच्या पिशवीत काय आहे, एवढं कळेपर्यंत बाईंच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्यातून त्या अंगणवाडीच्या सेविका. म्हणजे खोडीला सरकारी वहीचा आधार. कुणाच्या घरी पाळणा हलणार आणि कुणाची सून रुसून माहेरी गेली, हे बाईंना त्या घरच्या म्हातारीच्या आधी माहीत असायचं. त्यांचे यजमान किशनराव म्हणायचे, "यमदूत आला तरी ही आधी इचारील, तुमच्या रेड्याला चारा काय घालता?"

अशा बाईंच्या शेजारी त्र्याण्णवच्या दिवाळीत सुगंधा राहायला आली. शेजारच्या मल्हारीची ती भाची, पंधरा-सोळा वर्षांची, दहावीत शिकणारी. त्या साली गणपती बोळवून लोक झोपले आणि पहाटे लातूरकडं जमीन हलली, त्यात तिचं घर बसलं. आई, बाप, आजी तिघंही आत होते. ही अंगणात शेळ्यांजवळ झोपली होती म्हणून वाचली. मल्हारी जाऊन तिला घेऊन आला, स्वतःच्या लेकीसारखं ठेवलं, पण पोर काही केल्या छपराखाली जाईना. जेवण अंगणात, झोपणं मेंढ्यांच्या वाड्यात. शाळेत नाव घातलं तर तिथंही खिडकीबाहेर, कडुलिंबाच्या झाडाखाली बसून शिकायची. हेडमास्तर चांगले होते, त्यांनी चालवून घेतलं. पण मार्चात बोर्डाची परीक्षा होती, ती जिंतूरला, आणि बोर्ड काही लिंबाखाली पेपर देत नाही.

मल्हारी बेजार झाला होता. झरीहून एक मागणी आली होती. "पोरगी परीक्षेला बसली तर ठीक," तो बाईंना म्हणाला, "न्हाई तर आखाजीच्या मुहूर्तावर उरकून टाकतो. ते लोक म्हणायलेत, लग्न झालं की सुधरंल."

"लगीन काय औषध हाय का, मल्हारी?"

"मग तुमी सांगा इलाज. मी तरी काय करू, बाई?"

बाईंकडं इलाज नव्हता. पण डिसेंबरात जिंतूरला तीन दिवसांचं शिबिर निघालं. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेच्या कमलताई आल्या होत्या. भूकंपातली पोरं जिल्ह्यात जिथं जिथं नातेवाइकांकडं विखुरली होती, तिथल्या बायांना त्या शिकवणार होत्या की भ्यालेल्या पोराला धीर कसा द्यावा, मन कसं सावरावं. बाईंनी तीन दिवसांत इतके प्रश्न विचारले की जेवणाच्या सुट्टीत कमलताई त्यांची नजर चुकवून जायला लागल्या. शेवटी प्रत्येकीला एक छापील कागद मिळाला. श्वास कसा घ्यायचा, हातपाय कसे सैल सोडायचे, काय बोलायचं, सगळं ओळीनं लिहिलेलं.

बाई कागद घेऊन थेट मल्हारीच्या अंगणात. सुगंधाला समोर बसवलं आणि वाचायला सुरुवात केली. श्वास झाला, हातपाय झाले. मग आलं, "आता डोळे मिटा. आपलं घर आठवा. तिथं तुम्हाला कसलीच भीती नाही."

पोरीनं गुणीपणानं डोळे मिटले, घर आठवलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्या क्षणी ती उठून वाड्याकडं पळाली आणि एका मेंढीच्या मानेला मिठी मारून बसली. मल्हारीची बायको अंबाबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. "बाई, तुमी कागद वाचायलात का पोरीचा जीव घ्यायलात?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठ दिवस त्यांनी कुणाला काहीही विचारलं नाही. किशनरावांनी दोनदा कपाळाला हात लावून ताप आहे का बघितला.

नवव्या दिवशी बाई अंगणवाडीच्या पोरांना सुकडी वाटत होत्या. अंगणवाडी त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत भरायची. सुगंधा लांब, रस्त्याच्या पलीकडं उभी होती आणि तिची नजर घराच्या वर खिळली होती. बाईंनी जिभेला लगाम घातला. मग पोरच म्हणाली, "बाई, तुमच्या माळवदावर माती किती हाय?"

बाई उत्तर द्यायला गेल्या आणि थांबल्या. बावीस वर्षं त्या या घरात नांदत होत्या. साऱ्या गावाची कुंडली तोंडपाठ, आणि आपल्या डोक्यावर काय आहे ते मालूम नाही! त्यांना आधी लाज वाटली, मग जुनी खाज उसळून आली.

"मला बी ठाऊक न्हाई, पोरी. चल, बघू."

शिडी लावली. बाईंना वाटलं होतं पोर घराच्या जवळसुद्धा येणार नाही. पण माळवदाखाली जायला भिणारी सुगंधा माळवदावर सरसर चढली. वर काय, नुसतं आभाळ. ते पडायची भीती नाही.

मराठवाड्यात ज्यांची घरं माळवदाची, त्यांना सांगायला नको. खाली लाकडं, त्यावर फांद्या नि पाला, त्यावर पांढरी माती. पावसाळ्याआधी दर साली नवी माती टाकायची, म्हणजे घर गळत नाही. बाईंनी खुरप्यानं एका कोपऱ्यात खणायला घेतलं. एक वीत झाली, दोन झाल्या, तरी माती संपेना. कडेला थर उघडे पडले होते, एकावर एक, प्रत्येक साल वेगळं दिसावं असे. सुगंधा वाकून ते बोटानं मोजत होती.

"आमच्याकडं याच्या दीडपट होती," ती म्हणाली. "नवी टाकायची समद्यांला माहीत. जुनी काढायचं कुणालाच सुचलं न्हाई." तिचं बोट सगळ्यात वरच्या थरावर थांबलं. "यंदा बाबानं खणली अन् मी वर नेली. चाळीस टोपल्या. मीच मोजल्या. बाई, ती मीच टाकली."

बाईंना रडू आलं आणि त्या सरळ रडल्या, पदरसुद्धा लावला नाही तोंडाला. मग नाक पुसून त्यांनी त्या थरांवर हात ठेवला.

"ही बघ. यातल्या बावीस सालांची माती माझ्या डोक्यावरून चढलीय. त्याखालची सासूच्या. ही बायांचीच वाहातूक हाय, पोरी. घर गळू नये म्हणून टाकली तू. कुणाला मारायला टाकली न्हाईस."

सुगंधानं त्या थरातलं एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरलं. मग विचारलं, "काढता येईल का ही?"

किशनरावांनी हे ऐकलं तेव्हा ते घोंगडं फेकून उठले. "जित्या माणसाच्या घरावरची माती काढतं का कुणी? वाडवडलांनी टाकलेली हाय ती!"

"वाडवडलांनी टाकली, तुमी काय केलं? तिच्याच खाली झोपून घोरायलात," बाई म्हणाल्या. दोन दिवस भांडण चाललं. शेवटी चार बोटं माती ठेवायची, बाकीची काढायची, असं ठरलं. किशनरावांची एकच अट होती, गळालं तर त्यांच्यापुढं तोंड वाजवायचं नाही.

मग रोज शाळा सुटली की सुगंधा माळवदावर. बाई खणायच्या, ती टोपली भरून कडेवरून खाली ओतायची. गावानं यथेच्छ मजा लुटली. जगाच्या चौकशा करता करता बाईंनी स्वतःचं घर उघडं पाडलं, असं पारावर लोक म्हणत, आणि लोकांचं तोंड कोण धरणार? सुगंधा टोपल्या मोजायची. चाळिसावी ओतली त्या संध्याकाळी ती माळवदाच्या कडेला बसली आणि उमाळून रडली, तिथं आल्यापासून पहिल्यांदा. बाई शेजारी बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी पोरीनं एकेचाळिसावी भरली.

जानेवारीत कमलताई तपासणीला आल्या. कागद वापरला का, त्यांनी विचारलं. बाईंनी घडलं तसं सांगितलं, मेंढीसकट. कमलताईंचा चेहरा उतरला. त्यांनी पिशवीतून उरलेले सगळे कागद काढले, अंगणात बसल्या आणि एकेका कागदावरची ती घराची ओळ पेनानं खोडली. चाळीस-पन्नास कागद असतील. "हे आम्हाला सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "त्या जागी काय लिहू?"

"आधी पोरालाच इचारा म्हणावं, तुला काय इचारायचंय," बाई म्हणाल्या. कमलताईंनी ते तसंच लिहून घेतलं.

माती उतरली, पण सुगंधा अजून घरात पाऊल टाकत नव्हती. उंबऱ्यापर्यंत यायची, वर बघायची, परत फिरायची. फेब्रुवारी निम्मा सरला. मल्हारीनं झरीला निरोप धाडायची तयारी केली.

आणि एका दुपारी अवकाळी पाऊस आला. चार बोटं माती ती, काय टिकाव धरणार! घर चाळणीसारखं गळायला लागलं. आत सुकडीची पोती, बारकी पोरं, आणि बाई एकट्या. त्या पोरांना कोपऱ्यात ढकलत होत्या, एवढ्यात मागून कुणीतरी पातेलं ओढल्याचा आवाज आला. सुगंधा आत होती. तिनं गळतीखाली पातेलं ठेवलं, घागर ठेवली, परात ठेवली, एक पोतं फरफटत कोरड्यात नेलं. मग चिंब भिजलेली ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि वर बघितलं.

"चारच बोटं हाय," ती म्हणाली.

"चारच," बाई म्हणाल्या. दारात भिजत उभे असलेले किशनराव भांडायला तोंड उघडणार होते, पण त्यांनी एक घमेलं उचलून आणखी एका गळतीखाली सरकवलं.

मार्चात पहिल्या पेपराला मल्हारी आणि बाई तिला घेऊन जिंतूरला गेले. दहावीचं केंद्र म्हणजे नवी सिमेंटची इमारत. सुगंधा वर्गाच्या दाराशी गेली आणि थबकली. मागची पोरं कडेनं आत गेली. मल्हारीनं डोळे मिटून घेतले. बाहेरच्या माणसांनी फाटकापलीकडं थांबायचं होतं, पण बाई कधीच फाटक ओलांडून खिडकीशी पोचल्या होत्या.

घंटा झाली. सुपरवायझर दाराकडं आले. "आत ये ना. काय झालं?"

सुगंधानं वर बोट केलं. "सर, याच्यावर माती हाय का?"

"स्लॅबवर कुठली आली माती?"

"जाड किती हाय?"

"असेल पाच इंच."

"आत सळ्या हायेत?"

"आहेत गं बाई, सळ्या आहेत. तू पेपर लिहायला आलीस का बांधकाम बघायला?"

"बरं," सुगंधा म्हणाली. तिनं उंबरा ओलांडला, आपला नंबर शोधला आणि बसली. एकदा वर बघितलं, मग खाली मान घातली ती लिहायलाच.

बाई खिडकीच्या गजाला धरून हमसून रडत होत्या. सुपरवायझर पालकांना हुसकत हुसकत तिथवर आले. "ओ बाई, इथं उभं राहायचं नाही. कोण तुम्ही तिच्या? आई?"

उभ्या गावाला हाच प्रश्न विचारत आलेल्या कस्तुराबाईंना त्याचं उत्तर पटकन सुचेना.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "माझ्या घरावरची माती काढली तिनं."

सुपरवायझरांना काही कळलं नाही. त्यांनी खिडकी लावून घेतली.