टोलीवरची बादली

पाणीपट्टीच्या कामात किस्से साठतात ते पाइपात गाळ साठतो तसे. मुद्दाम कोणी भरत नाही. एक दिवस पाइप उघडला की कळतं, बरंच जमलंय! माझ्या डायरीच्या उजव्या पानावर मी पाणी सोडल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहायचो. डावं पान कोरं ठेवायचो. हे सगळं त्या डाव्या पानांवरचं.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. वैनगंगेपलीकडे, कारध्याच्याही पुढे, शहराच्या हद्दीबाहेर आमची एक पाइपलाइन जायची. वाटेत एक मोठं गाव आणि अगदी शेवटी टोली, म्हणजे छोटीशी वस्ती. टोलीत तीस घरं, बुद्धविहाराजवळ एकच नळ. आम्ही तिघं. मी कारकून, भुरे फिटर आणि पुण्याकडून बदलून आलेले तरुण इंजिनिअर साहेब.

उन्हाळ्यात वरून पत्र आलं. हद्दीबाहेरच्या वस्त्यांचा दर ठरवायचा आहे, त्याआधी शेवटच्या नळाची चाचणी घ्या. बादली तीन मिनिटांत भरली तर लाइन टोलीपर्यंत राहील. नाही भरली तर मोठ्या गावातच बंद करा, टोलीने नदीवरून पाणी आणावं.

टोलीच्या बादलीला तेव्हा आठ मिनिटं लागत. पाणी आधी मोठ्या गावातच संपायचं.

*

दराची पहिली सभा मोठ्या गावातल्या शाळेत झाली. साहेबांनी भिंतीवर नकाशा लावला आणि सांगितलं, "हद्दीबाहेर दर दीडपट."

लटारू पाटील उठले. धानाची चांगली शेती, गावात शब्दाला वजन. म्हणाले, "साहेब, हद्द कोठी आहे ते दाखवा न."

साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. लाल रेघ नदीच्या मधून गेली होती.

"अन पाणी ओढाची तुमची विहीर?"

विहीर रेघेच्या अलीकडे होती. गावाच्या काठाला!

"म्हणजे पाणी आमच्या काठचं. मंग दीडपट शहराले लावा जी!"

सभा तिथेच संपली. चहा मात्र पाटलांनीच पाजला.

*

गावात तीन-चार घरांना मीटर बसवले होते. पाणी येण्याआधी पाइपातली हवा सुटायची आणि मीटर भर्रकन फिरायचं. पाटील तक्रार घेऊन आले.

"अर्धा तास नुसती हवा येऊन राहिली, भुरे! हवेचे बी पैसे घेता काय?"

भुरे कधी हसायचा नाही. त्याने मीटरवर बोट टिचकावलं.

"कायले घाबरता पाटील? हवा हद्दीच्या अंदरची आहे. साधाच दर लागते!"

*

सांडपाण्याची पट्टी लावायची की नाही, यासाठी एक फॉर्म आला. 'सांडपाणी कोठे जाते?' मी टोलीत घरोघर विचारत फिरलो. पार्बताबाई पन्नाशीची. रोवणीच्या बायांची मुखिया. मोठ्या गावातल्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, धान रोवायला टोलीच्याच बाया जात आणि पार्बताबाईने पाऊल उचलल्याशिवाय एकही बाई चिखलात उतरत नसे.

"सांडपाणी? भोपळ्याच्या बुडाशी जाते, भाऊ."

"सगळं?"

"सगळं. उरतेच किती?"

मी तसंच लिहिलं. आठवड्याने ती आमच्या कचेरीत आली आणि साहेबांच्या टेबलावर हा एवढा भोपळा ठेवला.

"हे घ्या साहेब. सांडपाण्याची पट्टी. पावती द्या!"

साहेबांनी खरंच पावतीपुस्तक मागवलं होतं. मीच थांबवलं.

*

गळती शोधायला भुरेकडे एक लोखंडी सळई होती. तिचं एक टोक पाइपावर, दुसरं कानाला. साहेब पहिल्यांदा हसले. "यासाठी यंत्र असतं हो."

"ऐका तर एक डाव."

सकाळची वेळ होती. नदीवरून धुकं चालत आलं होतं आणि रस्ता कुठे संपतो, शेत कुठे लागतं काही दिसत नव्हतं. साहेब डोळे मिटून सळईला कान लावून उभे राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एक बैलगाडी त्यांना वळसा घालून गेली, तरी ते हलले नाहीत.

"कोणी तरी गुणगुणतंय," ते हळूच म्हणाले.

"गळती आहे साहेब."

गळती त्याच दिवशी बुजवली. पण दुसऱ्या सकाळी साहेब पुन्हा तिथेच, सळई कानाला! भुरे माझ्याजवळ सरकला.

"बाबू, आता हे काय ऐकून राहिले?"

मी रात्री डाव्या पानावर लिहिलं : साहेब, सकाळी सहा ते साडेसहा, गळती नसताना.

*

आषाढ लागला. बांध्या भरल्या. सकाळी पाहिलं तर जमीन कुठेच नाही, सगळीकडे आभाळ पसरलेलं आणि त्याच्यामधून धुऱ्यांच्या, म्हणजे बांधांच्या, बारीक रेघा. चाचणी परवावर आली होती. भुरे साहेबांना म्हणाला, "गावचा व्हॉल्व्ह थोडा आवळतो. कोणाले समजणार नाही."

"व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. रोज येतं तसंच आलं पाहिजे."

त्या संध्याकाळी आम्ही पाटलांच्या ओसरीवर बसलो होतो. पार्बताबाई अंगणात आली.

"काहून वो पार्बता, परवा रोवणीले येता न?" पाटलांनी विचारलं.

"येतो न पाटील. नळ बंद झाला तं नदी कोसभर. पाणी आणू, सैपाक करू, मंग येऊ."

"मंग किती वाजते?"

"मले घड्याळ कोठी समजते?"

एवढं बोलून ती पुढच्या घराकडे गेली. तिथून त्याच्या पुढच्या. अंधार पडेपर्यंत ती घरोघर जाताना दिसत होती.

*

चाचणीच्या सकाळी मोठ्या गावातून जीप गेली तेव्हा धुकं दाट होतं. गाव फार शांत वाटलं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

टोलीत तिसाही घरांतली माणसं नळाभोवती उभी होती. साहेबांनी घड्याळ हातात धरलं, भुरेने नळ फिरवला.

धार पडली ती जाड! बादलीचं बूड दणाणलं. मी आकडे मोजत होतो आणि मोजता मोजता विसरलो, कारण पाणी काठावर येऊन थरथरलं आणि सांडलं.

"दोन मिनिटं दहा सेकंद," साहेब म्हणाले. त्यांनी घड्याळ कानाला लावून पाहिलं. चालू होतं.

पार्बताबाईने बादली उचलली, पाणी भोपळ्याच्या बुडाशी ओतलं आणि पदर खोचला. "चला गं, रोवणीले."

परत येताना धुकं विरळ झालं होतं. प्रत्येक ओसरीवर रिकाम्या घागरी-गुंडांची रांग. प्रत्येक नळाजवळ कोणी ना कोणी बसलेलं, हात नळाच्या चावीवर. लटारू पाटील अंगणात पाटावर बसले होते. डोक्यापासून पोटापर्यंत साबण, तोही वाळून पांढरा झालेला. एक डोळा घट्ट मिटलेला.

साहेबांनी जीप थांबवली. "काय पाटील, पाणी नाही आलं का?"

"आलं न जी."

"मग?"

पाटलांनी उघड्या डोळ्याने टोलीकडून येणाऱ्या बायांची रांग पाहिली.

"अंघोळीले काय घाई आहे, साहेब!"

जीप वळणावर पोचली आणि मागे गावभर नळ सुटल्याचा आवाज झाला. साहेबांनी वळून पाहिलं नाही. डोळे मिटून ते फक्त ऐकत होते.