दीड टन बसतं, असं मी म्हणालो

आधी माफी मागतो. आमच्या घरात सही सोडून कुणी फारसं काही लिहिलेलं नाही. मी पहिल्यांदा लिहायला बसलोय, तर तेही असलं. तुमचा वेळ घ्यायचा मला काय अधिकार, हे मलाही कळत नाही. पण ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. परवा थोडी सांगितली, फोनवर, एका माणसाला. पण त्यातही एक खोटं मिसळलंच. म्हणून इथे सगळी लिहितो. तुम्ही मला ओळखत नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

मी नगरला मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घर बेलापूरला. वडील बेलापुरात इस्त्रीचं दुकान चालवतात, आई त्यांना मदत करते. मोठी बहीण, म्हणजे ताई, सुप्याजवळच्या एका गावात दिलेली आहे. दाजी तिथल्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला होते. ते काम सुटलं, आणि त्यांनी घराशेजारी पत्र्याच्या शेडमध्ये पाणी शुद्ध करायचा प्लांट टाकला. थंड पाण्याचे मोठे जार भरायचे आणि कंपन्यांच्या कँटीनला, कामगारांच्या खोल्यांवर पोचवायचे. सुरुवातीला भाड्याच्या रिक्षावर चाललं. मग स्वतःची गाडी हवी झाली. नवी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली.

आणि त्यांनी मला बोलावलं.

का बोलावलं असेल? मी मेकॅनिकलला आहे म्हणून. आमच्या सगळ्या गणगोतात याचा अर्थ एवढाच होतो, की पोराला गाड्यांचं कळतं. मी तेव्हा पहिल्या वर्षाला होतो. गणित, ड्रॉईंग, आणि वर्कशॉपमध्ये एक लोखंडी तुकडा कानशीने घासून चौकोनी करणं, एवढंच झालं होतं. गाडीच्या स्टेअरिंगवर मी कधी बसलोसुद्धा नव्हतो. हे मी दाजींना सांगू शकलो असतो. "दाजी, मला यातलं काही येत नाही," एवढं एकच वाक्य. पण ते मला बसस्टँडवर घ्यायला आले तेव्हा त्यांनी स्वच्छ पांढरा शर्ट घातला होता, आणि मी उतरताच शेजारच्या माणसाला म्हणाले, "ह्ये आमचं पाव्हणं. इंजिनिअर हायती. आता कोन फसवतो बघू मला."

त्यानंतर ते वाक्य तोंडातून निघालं नाही.

नगरबाहेर जुन्या गाड्यांचा एक अड्डा आहे, तिथे गेलो. दोन गाड्या दाजींच्या आवाक्यातल्या होत्या. एक टेम्पो. जुना, पोपटी रंग मारलेला, एका बाजूने ठोकून सरळ केलेला. दुसरी छोटी पांढरी व्हॅन, बंद बॉडीची, आत जार ठेवायला आधीच्या मालकाने लोखंडी रॅक वेल्डिंग करून घेतलेले. दाजी बराच वेळ टेम्पोच्या बॉनेटवर हात ठेवून उभे होते. त्यांना तो आवडला होता, हे मला दिसत होतं. मग ते मला म्हणाले, "बघा इंजिनिअर, कोन किती वजन घेतंय त्ये सांगा. बाकी मी बघतो."

माल वाहणाऱ्या गाडीच्या अंगावर वजनाचे आकडे रंगवलेले असतात. तुम्ही पाहिले असतील. व्हॅनच्या दाराखाली दोन होते, एक मोठा, एक लहान. मोठा दीड हजार किलोच्या थोडा वर. लहान कशाचा, ते मला माहीत नव्हतं. मी वाकलो. बोटाने धूळ पुसली. डॉक्टर नाडी बघताना करतो तसा चेहरा केला. आणि म्हणालो, "हिच्यात दीड टन बसतं."

खरं सांगू? मला ती व्हॅन आवडली होती. पांढरी होती, नवी दिसत होती. तो पोपटी टेम्पो कधी कॉलेजच्या दारात आला तर मुलं काय म्हणतील, हा विचारही डोक्यात येऊन गेला होता. एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा त्या आकड्याशी काय संबंध? पण होता.

गाडी विकणारा एजंट माझ्याकडे बघत होता. त्याला ठाऊक असणार. तो फक्त हसला आणि म्हणाला, "साहेब म्हणतात म्हटल्यावर आपण काय बोलणार?"

दाजींनी टेम्पोवरून हात काढला.

ते हिशेबी माणूस आहेत. वीस लिटरचा जार म्हणजे वीस किलोच्या वर. दीड टनाला सत्तर जार सहज जातात, असं त्यांनी तिथेच उभ्या उभ्या काढलं. आणि मग म्हणाले, "पन आपुन साठच भरायचे. गाडीचा जीव काढायचा न्हाई." एवढी काळजी घेणारा माणूस. ते दहा जार त्यांनी मुद्दाम कमी केले होते. मला हे आठवलं की अजून बसवत नाही.

इथपर्यंत जे झालं त्याला चूक म्हणता येईल. अज्ञान म्हणता येईल. मी त्यासाठी लिहीत नाही.

दुसऱ्या वर्षी, श्रावणात, एका तासाला सर बोलता बोलता गाड्यांच्या वजनावर आले. गाडीवर लिहिलेलं मोठं वजन म्हणजे सगळं मिळून, असं ते म्हणाले. गाडी स्वतः, तिच्यातलं डिझेल, चालवणारा, शेजारी बसलेला आणि माल. लहान आकडा रिकाम्या गाडीचा. मोठ्यातून लहान वजा करा, माणसं वजा करा, नंतर कुणी आत काही लोखंड ठोकलं असेल तर तेही वजा करा. जे उरतं, तेवढाच माल. सर पुढच्या विषयावर गेलेसुद्धा. मी व्हॅनवरचे ते दोन आकडे आठवून वहीच्या कोपऱ्यात वजाबाकी केली. चौथीच्या मुलाला येईल अशी. उरले सहाशेच्याही आत. म्हणजे पंचवीस-सव्वीस जार.

दाजी साठ भरत होते. रोज.

मी त्याच रविवारी सुप्याला गेलो. सांगायलाच गेलो होतो, यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. एसटीत वाक्य घोकत होतो. प्लांटवर पोचलो तर दाजी जार भरत होते, दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. मला बघताच दाजी ओरडले, "आला बघा आमच्या गाडीचा डॉक्टर!" एक म्हातारे बाबा म्हणाले, "व्हय का? मंग आमच्या म्हशीला बी बघ की बाबा, लई बसून ऱ्हाती." सगळे हसले. मीही हसलो. मग दाजींनी मला गाडीमागे नेलं आणि आवाज खाली करून विचारलं, "गाडी भरली की मागून लई दबती. काय करायचं?"

बघा — त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. जास्त भरता तुम्ही, मी चुकीचं सांगितलं, एवढंच. गिऱ्हाइकं लांब होती. ऐकायला आम्ही दोघंच.

मी म्हणालो, "पाटे वाढवून घ्या."

पाटे म्हणजे चाकावरच्या त्या लोखंडी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडीचं वजन झेललं जातं. आमच्याकडे सगळेच वाढवून घेतात. एक पाटा जास्त टाकला की गाडी मागून दबत नाही, आणि दबत नाही म्हणजे झेपतंय, असं सगळे धरून चालतात. पण पाट्याने ब्रेक वाढत नाही. टायर वाढत नाही. हे तोवर मला कळत होतं. नेमकं एवढंच कळत होतं. आणि तरीही मी तेच सांगितलं, कारण गाडी सरळ उभी राहिली की प्रश्न दिसणार नाही, आणि प्रश्न दिसला नाही तर मी दिसणार नाही.

त्यांनी पाटे वाढवले. फोन करून सांगितलं, "एक नंबर झालं बघा, पाव्हणं."

दिवाळीच्या आधी, सकाळी, कंपनीकडे जाताना उतारावर मागचं टायर फुटलं. गाडी सरकत जाऊन दुभाजकावर आदळली. दाजींचं उजवं मनगट मोडलं. जार रस्ताभर घरंगळत गेले, कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, तो गावात फिरला. समोर दुचाकीवर एक बाई आणि तिची लहान मुलगी होती. त्या थोडक्यात वाचल्या. थोडक्यात म्हणजे किती, ते ताईने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गावाने लगेच ठरवलं की दाजींना झोप लागली. पहाटेपासून प्लांटवर असतात, दमतात, लागली असेल. टायर काय, गाडी आदळल्यावर फुटलं असेल.

भाऊबीजेला गेलो. ताईने ओवाळलं. दाजी प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून शेजारी बसले होते, नेहमीसारखी चेष्टा नव्हती. ताई आत गेल्यावर त्यांनी मला विचारलं. अगदी हळू, एखादं लहान मूल विचारतं तसं.

"खरं सांग. माझा डोळा लागला आसंल का रं?"

एरवी ते मला अहो-जाहो करतात, चेष्टेत का होईना. त्या दिवशी पहिल्यांदा 'रं' म्हणाले.

आता मी ते लिहितो, ज्याच्यासाठी इतका वेळ गोल गोल फिरतोय. मी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "लागला असेल, दाजी. तुम्ही दमता फार."

त्यांनी मान हलवली. मान्य केलं. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा, स्वतःच्या आठवणीपेक्षा त्यांनी माझ्यावर जास्त विश्वास ठेवला.

तेव्हापासून त्यांनी कुठलीच गाडी चालवली नाही. हात बरा झाला, तरी नाही. बाजाराला जायचं तर ताई स्कूटी चालवते आणि ते मागे बसतात. गावातले हसतात. "झोपू नका बरं मागं," असं ओरडतात. हे ताईनेच सांगितलं, फोनवर, हसत हसत, आणि मग मध्येच थांबली.

मी जाणं बंद केलं. परीक्षा आहे, प्रोजेक्ट आहे, सबमिशन आहे. संक्रांतीला हॉस्टेल रिकामं झालं, मेस बंद होती, तरी इथेच राहिलो. ताईचा फोन आला की मी तो वाजू देतो आणि स्क्रीनवरचं तिचं नाव विझेपर्यंत बघत बसतो. मग तासाभराने लिहितो, 'लेक्चर चालू होतं.' इथे मला कुणी काही विचारत नाही. मित्र आहेत तसे. पण ज्याच्याजवळ एक गोष्ट बोलायची नसते, त्याला बाकीच्या गोष्टीही बोलता येत नाहीत. तुम्हाला कधी असं झालंय?

परवा दुपारी मेसच्या रांगेत होतो, ताईचा फोन आला. का कोण जाणे, उचलला. ती म्हणाली, "गाडी गेली एकदाची." दुरुस्त करून शेडबाहेर उभी होती, ती विकली. घेणारा भंडारदऱ्याला पर्यटकांसाठी तंबू लावतो. सकाळी गाडी ताब्यात घेतली आणि सुप्यातूनच लोखंडी खाटा भरून निघालासुद्धा. "लई भरल्यात," ताई म्हणाली. "तो घाबरत होता, एवढं झेपंल का म्हणून. ह्यांनीच सांगितलं, बिनधास्त भर, आमच्या इंजिनिअरनं बघून घेतलेली गाडी हाय, दीड टन बसतं."

भंडारदऱ्याच्या वाटेवर अकोले लागतं, आणि अकोल्याच्या पुढे घाट.

ताट तिथेच ठेवून बाहेर आलो. दाजींना फोन लावला. मागे जार भरल्याचा आवाज येत होता. मी सांगितलं, त्या गाडीत दीड टन बसत नाही. सहाशेच्याही आत बसतं. मी आकडा चुकीचा वाचला होता.

"म्हंजी आपुन दुपटीच्या वर भरत हुतो?"

"हो."

त्यांनी नळ बंद केला असावा. मागचा आवाज थांबला.

"म्हंजी त्या दिशी माझा डोळा न्हवता लागला?"

"नसेल, दाजी."

मग त्यांनी विचारलं, "तुला कवा कळलं ह्ये?"

आवाजात राग नव्हता. साधा प्रश्न होता. आणि मी, इतकं सगळं झाल्यावरही, म्हणालो, "आज. आजच शिकवलं कॉलेजात."

"बरं. फोन ठिव. आधी त्याला गाठतो."

संध्याकाळी ताईचा मेसेज आला. 'गाडी अकोल्यातच थांबवली. निम्म्याच्या वर खाटा उतरवून दुसऱ्या टेम्पोत टाकल्या, आता काळजी करू नको. आणि एक सांगायचं राहिलं. आज बाजाराला स्कूटी ह्यांनी घेतली. मी मागं बसले. वाटेत दिसेल त्याला थांबवून सांगत होते, आमच्या पोराला आज सकाळी शिकवलं आन दुपारच्याला लगेच त्यानं फोन केला.'