रेफरीविरुद्ध एकतर्फी निकाल

सुमंतरावांनी जन्मात फुटबॉलला पाय लावला नव्हता, पण नगरच्या संघाचा एकही पराभव त्यांनी मान्य केला नव्हता. दिवाणी कोर्टात ते नाझर होते, समन्स-जप्त्या बजावणारे. संघ हरला, की त्याच संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर रेफरीवर खटला उभा राही. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई गुळाचा चहा टाकीत. साखर रेशनवर होती आणि खटले फार. पानवाला छगन कोर्टातल्या पट्टेवाल्याच्या थाटात पुकारा करी, "रेफरी हाजीर हो!" रेफरी म्हणजे भिंगारच्या छावणीतला गोरा सार्जंट. तो कशाला हजर होतोय? मग सुमंतराव एकतर्फी निकाल देत, नगर विजयी ठरे, आणि मंडळी घरी जाऊन पोटभर जेवत.

लढाई संपली त्या साली अंतिम सामना गोऱ्या पलटणीशी पडला. अगदी शेवटी एक गोल झाला आणि नगर हरले. भिंगारहून सुमंतराव तरातरा चालत थेट घरी आले. निकाल दिल्याशिवाय आज जेवण जाणार नव्हते.

ओट्यावर दत्तोपंत आधीच मांडी ठोकून बसले होते. ते वकिलाचे कारकून.

"चेंडू रेषेच्या आत गेलाच नाही. मी डोळ्यांनी पाहिलं."

"तुम्ही तर झाडामागं होता, पंत," छगन म्हणाला.

"झाडामागूनच नीट दिसतं. गर्दीचा धक्का लागत नाही."

या वेळी साक्ष भक्कम हवी, म्हणून सुमंतरावांनी खुद्द गोलकीपरलाच बोलावणे धाडले. गहिनीनाथ माळीवाड्यात टांगा हाकी. फुटलेला गुडघा घेऊन तसाच आला आणि पायरीशी उभा राहिला.

"सांग बाबा, न घाबरता. चेंडू रेषेबाहेरच होता ना?"

"न्हाई, रावसाहेब. आत हुता. चांगला हातभर."

सुमंतराव पुढे सरसावले.

"तू पडला होतास. तुला काय दिसणार?"

"तोंडावरच पडलो हुतो की. चेंडू नाकाम्होरनं गेला. माज्याच हातातनं निसटला."

"साक्षीदार फितूर!" दत्तोपंत ओरडले. "गोऱ्यांनी सिगारेटी दिल्या असणार याला."

"व्हय, दिली एक. लई चांगलं खेळला म्हनले."

सुमंतरावांनी डोळे मिटले. ही साक्ष खरी धरली तर पराभवही खरा, आणि तो उशाशी घेऊन झोपायचे. त्यांनी घसा साफ केला.

"साक्षीदार स्वतः खेळत असल्यामुळे त्याला निःपक्षपाती मानता येत नाही. गोल रद्द. नगर विजयी."

छगनने टाळ्या पिटल्या. गहिनीनाथ मात्र हलला नाही.

"जिकलो म्हनता? मग कप द्या. म्हातारीला दाखवीन म्हनलो हुतो. दारात बसलीया वाट बघत."

दत्तोपंत उगाच उपरणे झटकू लागले. सुमंतराव उठले आणि पायऱ्या उतरून त्याच्यापाशी आले.

"कप पलटणीनं नेला रे. आपण हरलो."

"व्हय. त्येच तर सांगत हुतो."

तो लंगडत निघून गेला. त्या रात्री सुमंतरावांचे ताट तसेच राहिले. दमयंतीबाईंनी ते झाकून ठेवले.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मुन्सफसाहेबांनी सहज सामन्याची चौकशी केली.

"हरलो, साहेब," सुमंतराव सरळ म्हणाले. रेफरीबद्दल अवाक्षर काढले नाही. मग थोडे थांबून म्हणाले, "गोलकीपरच्या डोळ्यांवर ऊन आलं, नाहीतर..."

सामन्याच्या वेळी आभाळ गच्च भरले होते. पण मुन्सफसाहेब काही मैदानावर नव्हते.