साहेबबाबाचा शेंदूर

घाटंजीकडच्या आमच्या गावात एका शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभा दगड आहे. त्याला साहेबबाबा म्हणतात. आमच्या शेजारची धुरपतामावशी लग्न होऊन आली तेव्हापासून दर गुरुवारी त्याला शेंदूर चढवते आणि एक विडी पेटवून ठेवते. साहेब होता, विडीशिवाय कसं भागेल, असं तिची सासू म्हणायची. मावशीचा लेकही त्याच्याच नवसाचा.

आज गुरुवार; मावशीची पूजा आटोपली तशी आम्ही तिथे गेलो. इंग्लंडच्या ऑड्रीबाई आणि त्यांची दुभाषी, माझी भाची निशिगंधा, सोबत होत्या. बाईंच्या हातात पणज्यापासून नातवापर्यंतच्या घराण्याचा कागद. पणजा इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये साहेब होता. पुढे त्याचं काय झालं, कळत नाही. शेंदराखाली नाव असेल, तो काढू द्या, असं बाईंचं म्हणणं.

मावशी उखडली. "काहून? देव आपलं कवच आपनच सोडते. मानसानं खरवडाचं नसते. माह्या लेकाले काही झालं तं?"

मी म्हणाले, "मावशे, त्या एवढ्या दुरून आल्या."

"म्हून काय देवाले नागडं करू?"

बाई चपला काढून मातीत बसल्या. मावशीने कागदाकडे पाहिलं. "याच्यात बाबा कुठी हाय?"

निशिगंधाने बोट ठेवलं. "हा. मेला कधी, तेच माहीत नाही."

"तिथीच नाही? मंग याले पानी कोन देते?"

"कोणीच नाही."

मावशी दगडापुढून बाजूला सरकली. मग म्हणाली, "पाहा बापा. पन लोखंड लावाचं नाही."

कोमट तेल लावून नारळाच्या करवंटीनं खरवडलं. पापुद्रा निघाला. निशिगंधाने वाचलं, "एडिथ. वय चार वर्षं." खाली बापाचं नाव, कागदावरच्या पणज्याचंच. ही लेक कागदावर नव्हतीच. बाईंनी पणज्याखाली नवी रेघ ओढली. पणज्याच्या मरणाची तारीख मात्र कोरीच राहिली.

"म्हंजे पोरगी होय?" मावशीने पायथ्याची विडी उचलून फेकली. "अवो माय! एवढ्याशा लेकराले इतक्या विड्या पाजल्या!"

मी विचारलं, "मग तुझ्या नवसाचं गं?"

"आयकला तं हिनंच ना. नाव आपुन चुकलो."

संध्याकाळी दिवा लावायला गेले. दगडाला नवा शेंदूर होता, नावाची जागा तेवढी उघडी. विडीच्या जागी वाटीत दूध-साखर.