वाचनालयातलं जातं

माझ्या मामांइतका शांततेचा भोक्ता जुन्नर-आंबेगावात दुसरा झाला नाही, आणि त्याच शांततेने त्यांच्याइतका गांजलेलाही कुणी झाला नाही. मामा आजोळच्या सार्वजनिक वाचनालयाचे ग्रंथपाल. ‘शांतता राखा’ ही पाटी त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवली होती, पण ती भिंतीपेक्षा त्यांच्या चेहऱ्यावरच जास्त दिसे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांचं बोट ओठांवर जायचं. कळंबच्या एका वरातीत त्यांनी बँडवाल्यांना तशी खूण केली. बँड काही थांबला नाही, नवरदेवाची घोडी तेवढी थांबली. घरातही वाचनालयाचेच नियम. “परत कधी आणणार?” असं विचारल्याशिवाय त्यांची छत्री खुंटीवरून निघत नसे.

वर्षातून एकदा मात्र वाचनालयात गावच्या कलेचा कार्यक्रम व्हायचा. कधी घोंगड्या, कधी गोधड्या. बुरुडाची सुपं मांडली त्या वर्षी मामांनी सवयीने प्रत्येक सुपावर पुस्तकासारखा नंबर चिकटवला, तोही आतल्या बाजूने. पुढे कितीतरी दिवस गावातले तांदूळ त्या डिंकालाच चिकटत होते. सूत्रसंचालन माझ्याकडे, कारण मी पुण्यात राहतो एवढी पात्रता मामांना पुरायची. माझं ‘लोकसंस्कृती’वरचं प्रास्ताविक सुरू झालं की पाटीची गरजच उरत नसे, लोक आपोआप झोपत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एका वर्षी त्यांनी ठरवलं, यंदा जात्यावरच्या ओव्या. कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पंचक्रोशीत मामीसारखा गळा नव्हता, आणि तो मामांनी कधी पुरता ऐकला नव्हता. तेवढी एकच इच्छा होती बिचाऱ्यांची. गावात गिरणी आली तरी मामी डाळी घरीच भरडायची, ओव्या म्हणत. मामांची चप्पल उंबऱ्याशी वाजली की जातं चालू, गळा बंद. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “ववी आसती भावाची, आईची. नवऱ्याम्होरं काय गायची? लाज हाय का न्हाई?”

कार्यक्रमाला बायका आल्या. मामीही पहिल्यांदाच वाचनालयाची पायरी चढली. मी एकेकीपुढे माईक धरला. एकेकीने पदर तोंडाला लावला.

“जात्याबिगर ववी कशी येईल, पावणं?” एक म्हातारी म्हणाली. “हात फिरला म्हंजी तोंड उघडतं.”

मामांनी तातडीने दोन गड्यांकडून घरचं जातं आणवलं, कपाटांच्या मधोमध मांडलं, हरभऱ्याची डाळही आणवली. मामी खुंट्याला हात लावून बसली आणि मामांकडे बघत राहिली.

“आता काय ऱ्हायलं?” मामांनी विचारलं.

“तुमी,” मामी म्हणाली. “तुमी भायेर जा.”

बायका पोट धरून हसल्या. कार्यक्रमाचे कर्तेकरविते मुकाट्याने बाहेर पडले आणि भर उन्हात खिडकीखाली जाऊन उभे राहिले. आत जातं फिरू लागलं. आधी माहेर झालं, भाऊ झाला. मग मामीचा आवाज जरा खाली आला आणि ओवीत कुणी एक आला, जो सायकलवरून गावासाठी पुस्तकं वाहतो आणि स्वतःची टोपी मात्र घरीच विसरतो. मी खिडकीतून वाकून पाहिलं. मामा उघड्या डोक्याने उभे होते आणि ओठांवर बोट ठेवून, रस्त्याने येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला तिथेच थांबवत होते. आणि तो खरंच थांबला होता.

पुढे काही वर्षांनी मामी गेली. जातं वाचनालयातच राहिलं. त्याच्या जवळच्या कपाटातलं पुस्तक उघडलं तर अजून पिठाचा बारीक कण बोटाला लागतो. मामा निवृत्त झाले, तरी रोज पेपर वाचायला येतात. पण आत बसत नाहीत, त्या खिडकीखाली स्टूल टाकतात.

“मामा, ऊन लागतंय, आत बसा की,” मी एकदा म्हणालो.

त्यांनी पेपरातून डोकंही वर केलं नाही.

“नगं रं,” म्हणाले. “मी आत गेलो की ती गप बसती.”