लॅमिनेशन केलेला सिकलसेल

घरात कागद आला की बाबा आमच्या खापा गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून त्याचं लॅमिनेशन करून आणत. घराण्यातला मी पहिला पदवीधर. कोणता कागद महत्त्वाचा हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून सगळेच महत्त्वाचे. मुलगी पाहायला नागपूरला गेलो तेव्हा बाबांनी त्या कागदांची जाड फाइल मुलीच्या मामांपुढे ठेवली.

मामांनी माझ्या मिहान प्रकल्पातल्या नोकरीचं पत्र दोनदा वाचलं, उंची विचारली, चष्म्याचा नंबर विचारला. पुढचं पान उलटलं आणि थांबले.

"भाऊ, हे काय होय?"

"पोराच्या रक्ताचा रिपोर्ट," बाबा कौतुकानं म्हणाले. "सिकलसेलचा. कॉलेजात काढला."

"म्हंजे पोरगा बिमार आहे का?"

मी बी.एस्सी. झालेलो, लगेच शिकवायला बसलो. सिकलसेलचं जनुक आई-वडील दोघांकडून आलं तर रक्ताचा आजार. माझ्यासारखं एकाकडूनच आलं तर माणूस धडधाकट, शिवाय मलेरियातून बहुधा वाचतो. ज्यांच्यात ते नव्हतं, त्यांची लेकरं मलेरियानं जास्त गेली. म्हणून मलेरियाच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या त्याचं प्रमाण वाढलं. पण दोन्हीकडून मिळालेली लेकरंही जात राहिली, म्हणून ते एका मर्यादेतच राहिलं.

"मंग तुमच्या खानदानात मच्छर लय होते," मामा म्हणाले. "आमच्यात असलं काही नाही."

"तपासलं का?"

"काहून तपासाचं? आमचे लोक चांगले आहेत."

पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता मुलगी म्हणाली, "मामा, माझा रिपोर्टही असाच आहे न. रक्ततपासणीच्या शिबिरातला. तुम्हीच तर कपाटात टाकला."

"चूप बस वं!"

मला ती त्याच क्षणी आवडली, आणि त्याच क्षणी लग्न मोडलं. आमच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मी हे पूर्ण सांगण्याआधीच तिनं मान हलवली.

मामांना आजाराची काळजी नव्हती, तो बोलून दाखवल्याचा राग होता. "रविवारी दुसरे पाहुणे येऊन राहिले," त्यांनी तिला बजावलं. "त्यांच्यासमोर हे नाही काढाचं." हजारो वर्षं कोण जगणार हे मच्छरांनी ठरवलं. आता ते काम मामांकडे आलं आहे. मच्छर निदान खानदान विचारत नव्हता.

आम्ही चपला घालत होतो. ती दारापर्यंत आली.

"काकाजी, हे लॅमिनेशन कुठे करून मिळते?"

बाबा खुलले. "कोणत्याही झेरॉक्सवाल्याकडे, बाई. कडेला जागा सोडाले सांग, नाहीतर पाणी शिरते."

"शनिवारपर्यंत होऊन जाईल न?"