सकाळची तहान

खोपोलीतलं एक सोड्याचं दुकान बंद झालं, तेव्हा तिथलं मशीन मी हौसेनं विकत घेतलं आणि भिसेगावच्या आमच्या स्वयंपाकघरात बसवायला एक फिटर बोलावला. कानावर पेन्सिल असलेला तो माणूस प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडा येत नाही ना, ते श्वास रोखून बघायचा. दुपारी मशीन असं दिमाखात बसलं, की बायकोनं त्याला हळदकुंकू वाहिलं. मी तर शेजाऱ्यांना संध्याकाळी सोडा प्यायला बोलावूनही आलो.

मग फिटरनं तोटी फिरवली. नुसतंच फुस्स झालं.

“नळाला पानी कवा येतं?” त्यानं विचारलं.

“सकाळी सहा ते सात,” बायको म्हणाली.

“मंग सोडा बी तवाच. ह्ये नळावरच चालतं. मशीन बरोबर हाय, साहेब. तुमी तहान सकाळची लावून घ्या.”

संध्याकाळी शेजाऱ्यांनी माठातलं पाणी पिऊन मशीनचं तोंडभर कौतुक केलं. पुढे वर्षभर आम्ही चहाआधी सोडा प्यायलो. मशीन भंगारात जाऊन जमाना झाला, पण सहा वाजले की माझा घसा अजून कोरडा पडतो. फिटिंग मात्र त्यानं पक्कं केलं होतं.